विमान आकाशात, चोर कॉम्प्युटरमध्ये!

विमानतळ बंद पाडायला आता बॉम्ब लागत नाही. दूर कुठेतरी बसलेल्या माणसाने कॉम्प्युटरची चार बटणे दाबली, तरी हजारो प्रवासी बॅगा उशाशी घेऊन बसून राहतात. युरोपात हे घडले, अमेरिकेत घडले आणि आपल्याकडेही त्याची चुणूक दिसली. या नव्या चोरांना हवे तरी काय? आणि सुट्टीत मुलाबाळांना घेऊन विमानाने निघणाऱ्या कुटुंबाने कोणती काळजी घ्यावी?

२० सप्टेंबर २०२५, शनिवार. बेल्जियममधल्या ब्रुसेल्स विमानतळावर सकाळपासून रांगा लांबत चालल्या होत्या. विमाने जागेवर उभी होती, वैमानिक हजर होते, प्रवाशांच्या हातात पैसे मोजून घेतलेली तिकिटे होती. अडले होते ते फक्त काउंटरवर. कॉम्प्युटर बोर्डिंग पास छापेना, बॅगांना चिठ्ठी लावेना. शेवटी कर्मचाऱ्यांनी पेन हातात घेतले आणि एकेका प्रवाशाचे नाव लिहायला सुरुवात केली. लंडनच्या हीथ्रो आणि जर्मनीतल्या बर्लिन विमानतळांवरही त्या दिवशी कमीअधिक हाच प्रकार चालला होता.

तीन देशांतले तीन विमानतळ एकाच वेळी कसे आजारी पडले? कारण तिघांच्या काउंटरवर एकच सॉफ्टवेअर होते. कॉलिन्स एरोस्पेस या अमेरिकन कंपनीचे 'म्यूज' नावाचे. आदल्या रात्री त्यावर हल्ला झाला होता. दोन दिवसांनी युरोपीय महासंघाच्या सायबर सुरक्षा संस्थेने जाहीर केले, की हे काम रॅन्समवेअरचे, म्हणजे खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचे आहे. ब्रुसेल्स विमानतळाला तर सोमवारची जवळपास निम्मी उड्डाणे रद्द करा, अशी विनंती विमान कंपन्यांना करावी लागली. ब्रिटनच्या पोलिस यंत्रणेने चाळिशीतल्या एका माणसाला संशयावरून पकडले आणि नंतर जामिनावर सोडले. ना गोळी झाडली गेली, ना काच फुटली. पण हजारो कुटुंबांच्या सहलींचे, लग्नांचे, मुलाखतींचे बेत मात्र कोलमडले.

एकाच गिरणीत साऱ्या गावाचे दळण

विमानाचा प्रवास म्हणजे आपल्यासाठी तीन गोष्टी : तिकीट, खिडकीजवळची जागा आणि सामानाचा पट्टा. पण पडद्यामागे डझनभर कॉम्प्युटर यंत्रणा एकमेकींचा हात धरून चालत असतात. आरक्षणाची यंत्रणा वेगळी, चेक-इनची वेगळी, सामानाच्या पट्ट्याची वेगळी. विमानात वजन किती आणि ते कुठे ठेवायचे याचा हिशेब वेगळा, इंधनाचा वेगळा. वैमानिकांच्या ड्युटीचा तक्ता, हवामानाचा अहवाल, उड्डाणाचा आराखडा हे सगळे पुन्हा वेगळे. यातली एक कडी तुटली, की उरलेल्या साऱ्या धडधाकट असूनही विमान हलत नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. या साऱ्या यंत्रणा विमान कंपन्या स्वतः बांधत नाहीत. त्या भाड्याने घेतात, आणि भाड्याने देणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. अमाडेअस, सेबर, सीटा ही त्यातली मोठी नावे. विमानतळावरचे काउंटरसुद्धा सामाईक असतात. सकाळी एका कंपनीची पाटी, दुपारी दुसरीची. यात खर्च वाचतो, जागा वाचते. पण साऱ्या गावाचे दळण एकाच गिरणीत असले, की गिरणीचा पट्टा तुटल्यावर कुणाच्याच घरी भाकरी होत नाही. हल्लेखोरांनी नेमके हेच हेरले आहे. दहा घरे फोडण्यापेक्षा एक गिरणी बंद पाडणे सोपे!

याची पहिली ठळक सूचना जून २०१५ मध्ये मिळाली होती. पोलंडच्या लॉट या विमान कंपनीच्या वॉर्सा येथील जमिनीवरच्या कॉम्प्युटरवर हल्ला झाला आणि विमानांचे उड्डाण आराखडे तयार होईनात. आराखडा नाही तर उड्डाण नाही. दहा उड्डाणे रद्द झाली, सुमारे १,४०० प्रवासी अडकले. सप्टेंबर २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विमानतळावर खंडणीखोरांच्या हल्ल्यामुळे वेळापत्रकाचे पडदे दोन दिवस काळे राहिले. कर्मचाऱ्यांनी शाळेतल्यासारखे पांढरे फळे आणून मार्करने उड्डाणांच्या वेळा लिहिल्या आणि ध्वनिक्षेपकावरून घोषणा दिल्या. गंमत अशी, की तेवढ्यावर विमाने उडत राहिली!

हल्ला नव्हता, तरी धडा मिळाला

भारतातल्या प्रवाशांना हा अनुभव आला तो १९ जुलै २०२४ रोजी. त्या दिवशी मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरू इथल्या काउंटरवरचे पडदे एकाएकी निळे झाले. हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो घरोघरी मोबाइलवर पोहोचले. इंडिगोला एका दिवसात दोनशेच्या आसपास उड्डाणे रद्द करावी लागली. अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीने पाच दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणे रद्द केली.

हा मात्र चोरांचा उद्योग नव्हता. क्राउडस्ट्राइक नावाच्या, कॉम्प्युटरचे रक्षण करणाऱ्याच एका कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरची सदोष सुधारणा जगभर पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणायचे! पुढे ६ आणि ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत उड्डाण आराखड्यांचे निरोप नियंत्रकांपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा बिघडली. नियंत्रकांना ते काम हाताने करावे लागले आणि आठशेहून अधिक विमानांना उशीर झाला. विमानतळ प्राधिकरणाने हा तांत्रिक बिघाड असल्याचे सांगितले.

या दोन्ही प्रसंगांत चोर नव्हता. पण अशा बातम्या चोरही वाचतो. कुठली वीट काढली तर अख्खी भिंत हलते, हे त्याला आयतेच कळते.

कुलूप चोराचे, दार तुमचे

खंडणीचा धंदा चालतो कसा? एखाद्या कर्मचाऱ्याला साधासा ईमेल येतो. बिल, नोकरीचा अर्ज, कुरिअरची पावती असे काहीतरी. तो उघडला, की आत दडलेले सॉफ्टवेअर कार्यालयाच्या जाळ्यात शिरते, काही दिवस मुकाट्याने पाहणी करते आणि मग एका रात्री साऱ्या फायलींना कुलूप ठोकते. पडद्यावर निरोप येतो : किल्ली हवी असेल तर इतके पैसे द्या. हल्ली या चोरांनी दुहेरी पेच टाकला आहे. कुलूप लावण्याआधी ते फायलींची नक्कल काढून नेतात. पैसे दिले नाहीत, तर ती माहिती बाजारात मांडण्याची धमकी देतात.

विमानतळ हे या धंद्यातले आवडते गिऱ्हाईक आहे, कारण तिथे वेळ म्हणजे पैसा. कारखाना दोन दिवस बंद ठेवता येतो, विमानतळ दोन तासही बंद ठेवता येत नाही. २४ मे २०२२ च्या रात्री आपल्याकडच्या स्पाइसजेटवर असाच प्रयत्न झाला. दुसऱ्या दिवशी सकाळची उड्डाणे रखडली आणि प्रवाशांना तासन्‌तास ताटकळावे लागले.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटल विमानतळाचे चालक मात्र अडून बसले. 'ऱ्हायसिडा' नावाच्या टोळीने त्यांच्याकडे १०० बिटकॉइन मागितले होते. त्या वेळच्या भावाने ही रक्कम सुमारे ६० लाख डॉलर होत होती. चालकांनी करदात्यांचा एक पैसाही देणार नाही, असे ठरवले. पडदे, वायफाय, सामायिक काउंटर बंद पडले. बॅगा हाताने वेगळ्या कराव्या लागल्या. पुढे सुमारे ९० हजार लोकांना तुमची माहिती चोरीला गेली असावी, अशी पत्रे पाठवावी लागली. हा निर्णय महाग पडला, पण खंडणी दिल्यावर चोर पुन्हा येणार नाही याची हमी कोण देणार? एकदा देणाऱ्याचे नाव या धंद्यात लवकर पसरते.

सगळेच हल्लेखोर पैशासाठी येतात असेही नाही. जुलै २०२५ मध्ये रशियाच्या एरोफ्लोट कंपनीवरचा हल्ला युक्रेनच्या बाजूच्या दोन गटांनी आपणच केल्याचे सांगितले आणि पन्नासहून अधिक उड्डाणे रद्द झाली. तिथे हेतू युद्धाचा होता. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात जे घडले, त्याला तर हल्ला म्हणावे की पोरखेळ, हाच प्रश्न पडावा. बॉम्ब ठेवल्याच्या खोट्या धमक्या समाजमाध्यमांवरून शेकडो विमानांना दिल्या गेल्या. विमाने वळवली गेली, इंधन जाळले गेले, गर्भवती आणि वृद्ध प्रवासी रात्रभर तिष्ठत राहिले. पहिल्या काही धमक्यांचा माग काढत मुंबई पोलिस पोहोचले ते शेजारच्या राज्यातल्या एका अल्पवयीन मुलापर्यंत! मित्राला अडकवण्यासाठी त्याने मित्राच्या नावाने खाते उघडले, असे तपासात पुढे आले. घरातल्या मुलाच्या हातात मोबाइल देणाऱ्या प्रत्येक आईबापाने ही बातमी दोनदा वाचावी अशी आहे.

४५ लाख प्रवाशांची कुंडली

विमान रखडले तर निदान ते दिसते. पण दुसऱ्या प्रकारची चोरी दिसतही नाही. मे २०२१ मध्ये एअर इंडियाच्या प्रवाशांना ईमेल येऊ लागले. त्यात कळवले होते, की ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ या काळात नोंदवलेली जगभरातल्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती परक्या हातात गेली आहे. नाव, जन्मतारीख, संपर्क, पासपोर्टचा तपशील, तिकिटाची माहिती, काहींच्या क्रेडिट कार्डाचे तपशीलही. कार्डामागचा तीन आकडी गुप्त क्रमांक त्यात नव्हता, एवढेच समाधान.

ही चोरी एअर इंडियाच्या कचेरीत झालीच नव्हती. प्रवाशांची नोंद ठेवणाऱ्या सीटा या कंपनीच्या यंत्रणेत ती झाली. ज्या कंपनीचे नावही प्रवाशाने कधी ऐकले नव्हते, तिच्या कपाटात त्याची दहा वर्षांची कुंडली पडून होती! सीटाने विमान कंपनीला फेब्रुवारीअखेर कळवले, आणि अनेक प्रवाशांपर्यंत बातमी पोहोचली ती मे महिन्यात.

हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने तर याहून कमाल केली. मार्च २०१८ मध्ये संशयास्पद हालचाल लक्षात आली, आणि ९४ लाख प्रवाशांना ते कळले ऑक्टोबरमध्ये. त्याच वर्षी ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर चोरांनी जेमतेम बावीस ओळींचा एक मजकूर गुपचूप घुसवला. प्रवासी कार्डाचा क्रमांक टाइप करायचा, तिकीट नीट मिळायचे, आणि त्याच क्षणी कार्डाची सारी माहिती चोराकडेही पोहोचायची. चार लाखांहून अधिक लोकांची माहिती अशी गेली. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी आधी १८ कोटी ३० लाख पौंडांच्या दंडाची तयारी दाखवली. पुढे कंपनीची बाजू ऐकून आणि कोरोनाकाळातली तिची स्थिती पाहून २०२० मध्ये तो दोन कोटी पौंडांवर आणला.

अलीकडे चोरांनी कॉम्प्युटर फोडण्यापेक्षा माणूस फोडणे सुरू केले आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने विमान कंपन्यांना सावध केले. 'स्कॅटर्ड स्पायडर' नावाने ओळखली जाणारी टोळी कंपनीच्या मदतकक्षाला फोन करते, 'मी अमुक विभागातून बोलतोय, पासवर्ड विसरलो, नवा द्या' असे अस्खलित इंग्रजीत सांगते आणि दार उघडून घेते. या इशाऱ्यानंतर काही दिवसांतच ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासला आपल्या कॉल सेंटरच्या वाटेने झालेली चोरी जाहीर करावी लागली. ५७ लाख ग्राहकांची माहिती तीत होती. कोट्यवधींची सुरक्षा यंत्रणा एका गोड आवाजापुढे फिकी पडते ती अशी.

कुणी म्हणेल, नाव आणि जन्मतारीख गेली म्हणून काय बिघडले? बिघडते ते पुढे. समजा, फोन येतो : 'आजोबा, बारा तारखेच्या तुमच्या दुबईच्या विमानाची वेळ बदलली आहे. आजींच्या व्हीलचेअरची नोंद पुन्हा करावी लागेल. एक लिंक पाठवतो.' तारीख बरोबर, गाव बरोबर, आजींची व्हीलचेअरसुद्धा बरोबर. मग आजोबांनी विश्वास का ठेवू नये? भामट्याला आता अंधारात खडा टाकावा लागत नाही. चोरलेली माहितीच त्याला दिवा दाखवते. शिवाय पासवर्ड बदलता येतो, कार्ड बंद करता येते. पासपोर्टचा क्रमांक मात्र सहसा दहा वर्षे तोच राहतो आणि जन्मतारीख तर जन्मभर.

आकाशातला चकवा

कोकणातल्या माणसाला चकवा ठाऊक आहे. रात्री ओळखीच्या वाटेवर चालणारा माणूस भलतीकडेच जातो आणि फिरून फिरून तिथेच येतो. तसाच चकवा आता आकाशात आहे. विमानाला आपली जागा कळते ती उपग्रहांकडून येणाऱ्या जीपीएसच्या संदेशांवरून. हे संदेश जमिनीपर्यंत येईतो अतिशय क्षीण झालेले असतात. जमिनीवरून कुणी जोरदार गोंगाट केला, तर ते ऐकूच येत नाहीत. याला जॅमिंग म्हणतात. त्याहून कावेबाज प्रकार म्हणजे स्पूफिंग. यात उपग्रहाची हुबेहूब नक्कल करून खोटे संदेश पाठवले जातात. विमान एका ठिकाणी असते आणि पडदा दुसरेच ठिकाण दाखवतो. कधी सपाट समुद्रावरून जाताना 'समोर डोंगर आहे, वर उचला' असा खोटा इशारा वाजतो.

युद्ध चालू असलेल्या भागांच्या आसपास हे प्रकार २०२३ पासून फार वाढले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांना सूचना काढल्या. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात भारताच्या सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, असे ४६५ प्रकार नोंदले गेल्याची माहिती सरकारने संसदेत दिली. २०२४ मध्ये फिनलंडच्या फिनएअरने तर एस्टोनियातल्या तार्तू गावची उड्डाणे महिनाभर थांबवली, कारण तिथे उतरण्याची पद्धत जीपीएसवरच अवलंबून होती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये हा चकवा सीमेवरून थेट राजधानीत आला. दिल्ली विमानतळाच्या एका धावपट्टीवर जीपीएसच्या आधाराने उतरू पाहणाऱ्या काही विमानांना खोटे संदेश मिळाले. मुंबई, कोलकाता, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद आणि अमृतसर इथूनही अशा नोंदी आल्याचे सरकारने १ डिसेंबर २०२५ रोजी संसदेत सांगितले. असा प्रकार दिसल्यास दहा मिनिटांत कळवा, असा आदेश महासंचालनालयाने काढला. खोटे संदेश येतात कुठून, हे शोधण्याचे काम केंद्राच्या बिनतारी संदेशांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेकडे सोपवले गेले.

मग विमाने सुखरूप उतरली कशी? कारण वैमानिक एकाच डोळ्याने पाहत नाही. विमानाच्या पोटात स्वतःची गती आणि दिशा मोजत जाणारी वेगळी यंत्रणा असते, तिला बाहेरच्या कुणाचा संदेश लागत नाही. जमिनीवर रेडिओचे जुने दीपस्तंभ असतात. नियंत्रकाकडे रडार असते. जीपीएस आल्यावर ही जुनी उपकरणे मोडीत काढावीत असा विचार अनेक देशांत चालला होता. भारताने जमिनीवरच्या यंत्रणेचे किमान जाळे कायम ठेवायचे ठरवले आहे. जुने ते सोने म्हणतात, ते इथे अक्षरशः खरे ठरले.

विमान 'पळवता' येईल का?

सर्वांत मोठी भीती हीच. कुणी लॅपटॉप घेऊन सीटवर बसेल आणि विमानाचा ताबा घेईल का? प्रवाशांना घेऊन उडणाऱ्या विमानाचे नियंत्रण अशा रीतीने कुणी हिसकावून घेतल्याची एकही सिद्ध झालेली घटना आजवर नाही. सिनेमा दाखवणारी, इंटरनेट देणारी यंत्रणा आणि विमान चालवणारी यंत्रणा यांच्यात भिंत राखली जाते. बोइंग ७८७ हे नव्या धाटणीचे विमान येत होते, तेव्हा २००८ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने या भिंतीसाठी खास अटी घातल्या होत्या. आणि शेवटी कॉकपिटमध्ये दोन माणसे असतात. यंत्राने वेडेवाकडे काही सांगितले, तर ते बाजूला सारून विमान हाताने चालवण्याचे शिक्षण त्यांना दिलेले असते.

म्हणून गाफील राहावे असे नव्हे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या तज्ज्ञांनी जमिनीवर उभ्या असलेल्या एका बोइंग ७५७ च्या यंत्रणेत दुरून शिरकाव करून दाखवल्याचे पुढच्या वर्षी जाहीर झाले. बोइंगने उड्डाण नियंत्रणाला त्याचा धोका नव्हता असे सांगितले. तरीही शिरकाव झाला ही गोष्ट खरीच. तेव्हा भिंत आहे, ती भक्कम आहे, पण तिची पाहणी रोज करावी लागते.

थोडक्यात, तज्ज्ञांची चिंता आहे ती विमान कोसळण्याची कमी आणि विमान न उडण्याची, माहिती चोरीला जाण्याची आणि दमलेल्या वैमानिकाला खोट्या इशाऱ्यांशी झुंजावे लागण्याची अधिक.

बोर्डिंग पासचा फोटो आणि पंतप्रधान

प्रवासाला निघताना बोर्डिंग पासचा फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याची हौस अनेकांना असते. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी अॅबट यांनाही ती होती. मार्च २०२० मध्ये त्यांनी आपल्या पासचा फोटो टाकला. त्यावरचा आरक्षण क्रमांक आणि आडनाव एवढ्या भांडवलावर एका हुशार तरुणाने विमान कंपनीच्या संकेतस्थळावर त्यांचे पान उघडले आणि त्या पानाच्या पोटात दडलेला त्यांचा पासपोर्ट क्रमांक आणि फोन नंबर शोधून काढला. तरुण सज्जन होता. त्याने गैरफायदा न घेता सरकारला आणि कंपनीला कळवले. पुढे अॅबट यांनीच त्याला फोन करून, कॉम्प्युटरचे हे शास्त्र शिकायला कोणते पुस्तक वाचू, असे विचारले! प्रत्येकाला असा सज्जन चोर भेटेलच असे नाही. तेव्हा या काही गोष्टी घरात सर्वांना सांगून ठेवाव्यात :

• बोर्डिंग पास, तिकीट आणि बॅगेच्या चिठ्ठीचा फोटो कुठेही टाकू नये. प्रवास संपल्यावर पास फाडून टाकावा. त्यावरच्या काळ्या चौकटीतही माहिती असते.

• विमान कंपनीचा फोन नंबर इंटरनेटवर शोधू नये. भामटे तिथे खोटे नंबर पेरून ठेवतात. तिकिटावर किंवा कंपनीच्या अधिकृत अॅपवर असलेलाच नंबर लावावा. परतावा देण्यासाठी ओटीपी मागणारा किंवा मोबाइलचा पडदा दाखवायला लावणारा माणूस कंपनीचा नसतो.

• विमानतळावर लाउंज मोफत मिळेल म्हणून कुणी पाठवलेले अॅप उतरवून घेऊ नये. २०२४ मध्ये अशा एका बनावट अॅपने भारतातल्या विमानतळांवर अनेक प्रवाशांचे एसएमएस चोरून त्यांच्या खात्यांना हात घातला होता.

• विमानतळाच्या मोफत वायफायवर बँकेचे व्यवहार करू नयेत. तिकिटासाठी कमी मर्यादेचे वेगळे कार्ड वापरणे उत्तम.

• मैलांचे गुण, म्हणजे वारंवार प्रवास करणाऱ्यांना मिळणारे पॉइंट, हेही पैसेच आहेत. त्या खात्याचा पासवर्ड वेगळा ठेवावा.

• तिकिटाची छापील प्रत जवळ ठेवावी. कॉम्प्युटर बंद पडल्याच्या दिवशी कागदच कामी येतो. औषधे, चष्मा आणि बाळाचे दूध हातातल्या पिशवीतच असावे.

• अमेरिकेत नातवंडांना भेटायला निघालेल्या आजीआजोबांच्या खिशात मुलांचे फोन नंबर आणि विमानांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद द्यावा. मोबाइलची बॅटरी संपली, तर तो कागदच त्यांचा आधार.

• फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसे दुसरीकडे वळण्याआधी थांबवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

दंड कुणाला, भरपाई कुणाला?

प्रवाशाने सावध राहावे हे ठीक. पण आपली माहिती ज्यांच्या कपाटात आहे, त्यांच्या जबाबदारीचे काय? भारतात २०२२ पासून असा नियम आहे, की सायबर हल्ला लक्षात आल्यावर सहा तासांत केंद्राच्या 'सर्ट-इन' या संस्थेला कळवले पाहिजे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम जाहीर झाले. माहिती जपण्यात कसूर करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माहिती चोरीला गेली तर ज्याची ती माहिती, त्यालाही कळवणे बंधनकारक आहे. कायद्याच्या मुख्य तरतुदी मात्र टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत आणि कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्षाची मुदत दिली आहे.

यातली एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात आलेली नाही. हा दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याचा पासपोर्ट क्रमांक बाजारात विकला गेला, त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. बॅग हरवली तर विमान कंपनी अर्ज भरून घेते, वजन विचारते आणि नियमाप्रमाणे पैसे देते. माहिती हरवली तर येतो तो एक ईमेल, 'आम्ही दिलगीर आहोत' असे सांगणारा.

बॅगेत फार तर चार साड्या आणि लाडवांचा डबा असतो. माहितीत साऱ्या कुटुंबाची नावे, वये आणि पत्ते असतात. बॅगेला जे संरक्षण मिळते, ते निदान तेवढे तरी माहितीला मिळाले पाहिजे, हे मागणे काही फार मोठे नाही. आणि ते मागायचे कुणी? जो तिकिटाचे पैसे मोजतो त्यानेच!